मामाच्या शाफ्टची ट्रायल

माझा मामा शिंपी आहे, आणि जगातली प्रत्येक वस्तू मुळात कापडाचीच असते अशी त्याची पक्की समजूत आहे. दार घट्ट बसायला लागलं की तो म्हणतो, बगलेत दाटलंय, जरा सोडायला हवं. माझं लग्न मोडलं तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी आपापल्या अकलेप्रमाणे सांत्वन केलं. मामा एवढंच म्हणाला, की माप चुकीचं घेतलं होतं, कापड चांगलं आहे. मग त्याने वरच्या मजल्यावरची खोली मला झाडून दिली, आणि तेव्हापासून मी तिथे राहते. दाताच्या एका डॉक्टरांकडे मदतनीस म्हणून काम करते. म्हणजे दिवसभर लोकांचं कण्हणं ऐकते आणि संध्याकाळी घरी येऊन मामाचं बोलणं ऐकते.

मामा फक्त गणवेश शिवतो. पहारेकरी, परिचारिका, लिफ्टवाले, बँडवाले, अर्धं शहर त्याच्या शिलाईत फिरत असतं. रस्त्यात त्याला माणसं चेहऱ्यावरून ओळखू येत नाहीत, खांद्यावरून येतात. दुकान घरातच आहे. पुढच्या मोठ्या खोलीत कटिंगचं टेबल, दोन मशिनं, इस्त्री आणि मामीची खाट. मामी काज-बटण करते, तुरपाई करते, गिऱ्हाइकांना तारखा देते, त्या पाळल्या गेल्या नाहीत की त्यांची समजूतही घालते. मामा कापतो आणि शिवतो आणि श्रेय घेतो.

या दुकानाला एक नियम आहे. एकदा कापडाला कात्री लागली की कोणी चकार शब्द काढायचा नाही. लग्न नवं असताना मामा कोट कापत होता आणि मामीने सहज विचारलं, की हा माणूस एवढा जाडा आहे का? मामाचा हात हलला आणि त्या माणसाला कोटाऐवजी जाकीट मिळालं. त्या दिवशी नियम झाला. बोलायची मुभा फक्त ट्रायलला, तीही गिऱ्हाइकाने तक्रार केली तर. अशा वेळी मामा मान न वळवता विचारतो, "काही आहे का?" आणि मग मामीने काय ते सांगायचं.

एकदा त्याने एका पहारेकऱ्याच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. मामीला ते कापतानाच दिसलं होतं. तिने गप्प राहून बटणं लावली, अस्तराची तुरपाई केली, इस्त्रीही केली. ट्रायलला तो बिचारा उभा राहिला तो दोन्ही हातांनी एकाच दिशेची वाहतूक वळवत असल्यासारखा. त्याने तक्रार केली आणि मामाने विचारलं, तेव्हा कुठे मामी म्हणाली, की दोन्ही डाव्या आहेत. मी तिला नंतर बाजूला घेऊन म्हटलं, अगं, आधी सांगायला काय झालं होतं? तर ती शांतपणे म्हणते, कात्री लागली होती ना. या दोघांच्या घरात राहायचं म्हणजे रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्यावी लागते.

मामीच्या कमरेनं दगा दिला तेव्हा आमचे दिवस फिरले. मणक्यातली चकती सरकली होती. डॉक्टरांनी सांगितलं, की एक दिवसाआड यायचं, कंबर ओढून घ्यायची, व्यायाम करायचा, आणि काही झालं तरी खंड पडू द्यायचा नाही. खंड पडला तर ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतर पाय किती साथ देतील ते आत्ता सांगता येणार नाही. हॉस्पिटल शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मामीला बसवत नव्हतं, त्यामुळे रिक्षा बाद. ॲम्ब्युलन्सचं नाव काढल्यावर ती म्हणाली, की ती गाडी दारात आली की लोक मला पोचवायलाच जमतील.

उरली मामाची जीप. गणवेशांचे गठ्ठे पोचवायला त्याने ती कुठल्याशा कचेरीच्या लिलावात घेतली होती. मागची लांब सीट फळी टाकून रुंद केली, तिच्यावर स्वतः शिवलेली, कडेला गोट लावलेली गादी घातली, आणि मामी आडवी होऊन जाऊ लागली. पण जीपला थरथरण्याचा रोग होता. जरा वेग घेतला की खालून अशी थरथर यायची की बोलताना आवाजालाही कंप सुटायचा. एके दिवशी घरी परतल्यावर मामी भिंतीकडे तोंड करून पडली आणि म्हणाली, की मी आता जाणार नाही. डॉक्टर जेवढं ओढून जागेवर आणतात, तेवढं तुमची गाडी परतीच्या वाटेवर हलवून ठेवते.

मामाने तिची मनधरणी केली, रागावून पाहिलं, माझ्याकडून सांगून पाहिलं. ती बधली नाही. मामा घाबरला. मी त्याला इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. आणि घाबरला की तो जास्त बोलतो.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला आम्ही 'बघू' म्हणतो, कारण कुठल्याही प्रश्नाला तो तेच उत्तर देतो. त्याने जीपखाली डोकं घातलं, मधला लांब शाफ्ट हाताने हलवून पाहिला आणि निदान केलं. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा हा शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांना दोन-दोन बोटांचे लोखंडी पंजे असतात आणि प्रत्येक पंजात एक अधिक चिन्हासारखा क्रॉस बसलेला असतो. ते दोन्ही क्रॉस झिजून खिळखिळे झाले होते. कधी करून देणार, असं मामाने विचारलं. शाफ्टचं काम करणारा माणूस गावाला गेला होता. तो कधी येणार? बघू.

मामा घरी आला तो ठरवूनच. उसवायचं, झिजलेला तुकडा काढायचा, नवा घालायचा, परत शिवायचं. आयुष्यभर दुसरं काय केलं, म्हणाला. मामी खाटेवरून त्याच्याकडे बघत राहिली. 

जीपखाली शिरायचं काम माझ्यावर आलं, कारण मामाचं पोट जीपखाली मावत नव्हतं. त्याने चाकांना विटा लावल्या आणि बाहेर उकिडवं बसून सूचना द्यायला सुरुवात केली. बोल्ट सैल होईना तर म्हणे, हिसका मारू नकोस, टाका धरून उसव. माझ्या केसांत ग्रीस, डोळ्यांत माती, आणि कानात हा. शाफ्ट सुटून माझ्या पोटावर आला तेव्हा मी त्या क्षणी आठवतील तेवढ्या शिव्या दिल्या. मामा म्हणाला, की जिभेला जरा अस्तर लाव.

कटिंगच्या टेबलावर लोखंड ठेवायला मामीची सक्त मनाई होती, म्हणून शाफ्ट मशिनच्या दोन बुटक्या स्टुलांवर आडवा ठेवला. त्याचं एक टोक मामीच्या खाटेकडे आलं, अगदी तिच्या डोळ्यांच्या रेषेत. हा शाफ्ट एकसंध नव्हता. मधोमध त्याचे दोन भाग एकमेकांत सरकत, खाचेत खाच बसवून. ते वेगळे करण्याआधी मामाने कानावरचा शिंप्याचा खडू काढला, दोन्ही भागांवरून एक सरळ रेघ ओढली आणि माझ्याकडे पाहिलं. खूण केल्याशिवाय मी कशालाही हात लावत नाही, म्हणाला. त्याचं मला खरोखर कौतुक वाटलं.

मग जुनी कोळशाची इस्त्री फडक्यात गुंडाळून तिचा हातोडा झाला. दोन दिवस घरात घणाघात चालू होता. गिऱ्हाइकं दारातूनच परत जात होती. एकेक क्रॉस बाहेर आला तो गंजाचा भुगा घेऊनच. मामाने प्रत्येक भाग रॉकेलच्या परातीत बुडवला आणि तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसा घासून, पुसून, कोरडा करून ठेवला. सगळं लख्ख झालं. खडूची रेघही लख्ख झाली.

हे त्याच्या ध्यानात आलं ते दोन्ही भाग परत जोडायच्या वेळी. त्याने एक भाग फिरवून पाहिला. दुसरा फिरवून पाहिला. एका चष्म्यावर दुसरा चष्मा चढवून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी मामीकडे पाहिलं. मामीने मान उचलली होती आणि तिचं तोंड किंचित उघडलं होतं. ते तिने मिटलं आणि चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. मला वाटलं, कळ आली असेल.

"चौकड्याचं कापड जुळवायला खडू लागतो का?" मामा म्हणाला. "डोळा लागतो."

दोन्ही भागांवर हिरव्या रंगाचा एकेक जुना ओघळ होता. जीप रंगवताना कोणाच्या तरी हातून सांडलेला असणार. मामाने ओघळाला ओघळ जुळवला आणि शाफ्ट ठोकून बसवला. ओघळ कसा सुरेख जुळला, हे त्याने आम्हाला दोनदा दाखवलं.

बाजारातून आणलेल्या नव्या क्रॉसच्या टोकांवर ज्या लहान वाट्या बसतात, त्यांच्या आत सुईएवढ्या सळ्यांची गोल रांग ग्रीसने चिकटवलेली असते. सळी एक जरी आडवी पडली तरी वाटी बसत नाही. त्या नीट उभ्या करायला मी दवाखान्यातला जुना चिमटा आणला होता. एक सळी निसटली. टणकन आवाज झाला आणि मामाने हात वर केला. या घरात सुई पडली की ती सापडेपर्यंत कोणी पाऊल उचलत नाही, मग बाहेर आग का लागेना. गणवेशात सुई राहिली आणि कोणा परिचारिकेला टोचली तर काय, या धास्तीत त्याचा जन्म गेला. आम्ही पुतळ्यासारखे उभे. मामा दोरीला बांधलेलं लोहचुंबक फरशीवर फिरवतोय. बघू नेमका तेव्हाच डोकावला आणि कोणीच हलत नाही असं पाहून घाबरून निघून गेला. सळी मामाच्याच कोपराला ग्रीसने चिकटली होती.

शेवटी मी परत जीपखाली गेले, शाफ्ट चढवला, आणि ट्रायलची वेळ आली. अंगाशिवाय ट्रायल होत नाही, मामा म्हणाला. मामीला त्रास द्यायचा नव्हता, म्हणून मागच्या गादीवर तिच्या जागी मला आडवं व्हायला सांगितलं. साधारण तुझंच माप आहे, असंही म्हणाला. मामीचा घेर ज्यांनी पाहिलाय त्यांना माझा अपमान कळेल.

गल्लीच्या तोंडापर्यंत जीप लोण्यासारखी गेली. मामा गुणगुणायला लागला. मोठ्या रस्त्यावर त्याने वेग घेतला आणि खालून जो हादरा सुरू झाला, त्यापुढे आधीची थरथर म्हणजे अंगाईच होती. इतकी वर्षं दाताच्या दवाखान्यात काढून त्या दिवशी प्रथमच मला माझ्या प्रत्येक दाताची वेगवेगळी जाणीव झाली. मी ओरडले. मामाने मागे न बघता उत्तर दिलं, की नवं आहे, अंगावर बसेल. पुढच्या चौकात आरसा निखळून त्याच्या मांडीवर पडला तेव्हा तो गप्प झाला.

घरी आलो. मामीने माझे विस्कटलेले केस आणि मामाच्या हातातला आरसा पाहिला आणि मला चहा घ्यायला सांगितलं.

मग वाईट दिवस आले. बघूने एक चक्कर मारून समाधानाने सांगितलं, की आता जास्त हलतेय. शाफ्ट पुन्हा उतरवून स्टुलांवर आला. मामाने वाट्या काढल्या, परत बसवल्या. क्रॉस घट्ट, सळ्या जागच्या जागी, कुठे काही ढिलं नाही. चूक सापडेना. टेबलावर गणवेशांचा ढीग साचला. मामा शाफ्टसमोर पाटावर बसायचा आणि जेवायला बोलावलं तर हो म्हणून तिथेच राहायचा. मामीच्या हॉस्पिटलच्या तारखा एकामागून एक चुकत होत्या.

एका दुपारी मी मामीला धरून न्हाणीकडे नेत होते. मागे वळून पाहिलं तर तिच्या डाव्या पायातली चप्पल खाटेजवळच राहिली होती. तिला पत्ताच नव्हता. मी विचारलं तर खाली बघून म्हणाली, निसटली वाटतं. मी विचारलं, पाय कसा आहे? म्हणाली, पायाला काय धाड भरलीय. मला तिचं खरं वाटलं नाही. तिला परत आणून खाटेवर निजवलं तेव्हा मामा शाफ्टकडे बघत म्हणत होता, की आता हे भंगारात घालतो आणि तुला पाठीवर घेऊन जातो. विनोद करत नव्हता. त्याचा आवाज फाटला होता.

मामीने त्याच्याकडे पाहिलं, मग शाफ्टकडे, मग छताकडे. आणि माझ्या डोक्यात काहीतरी चमकलं.

"मामी, तू दिवसभर इथून बघतेस. तुला काही दिसतंय का?"

तिने माझ्यावरची नजर मामाकडे नेली. मग म्हणाली, "कात्री लागलीय."

माझं डोकं फिरलं. मी दोघांनाही सुनावलं. म्हटलं, ट्रायल झाली. गिऱ्हाईक मी होते. माझे दात अजून हलतायत, ही माझी तक्रार. तुमचाच नियम आहे, मामा, आता विचार तिला. मामाला आपल्या नियमातून पळवाट सापडेना. त्याने मान न वळवता, पहिल्यासारखंच, कोरडेपणाने विचारलं, "काही आहे का?"

"आहे," मामी म्हणाली. "अलीकडचा पंजा आडवा आहे आणि पलीकडचा उभा. तुम्ही खोलायच्या आधी दोन्ही आडवे होते."

मामा वाकला. या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं, पोट आडवं आलं. मामीने सांगितलं, तिथून नाही दिसायचं, इथून दिसतं, आणि ती जराशी सरकली. मामा खाटेवर तिच्या शेजारी आडवा झाला. खाट कुरकुरली. उशीच्या कडेवर डोकं ठेवून, एक डोळा मिटून तो शाफ्टच्या लांबीवरून पलीकडे पाहू लागला. ती दोघं एका उशीवर, आणि समोर ते लोखंडाचं धूड. मला हसू आवरेना आणि हसवेनाही.

"एक खांदा पुढे आणि एक मागे," मामा हळूच म्हणाला. "एक टोक झटका देतंय आणि दुसरं तो खाऊन टाकण्याऐवजी वाढवतंय. कशी चालेल सरळ?" मग थोड्या वेळाने, "कधीपासून बघतेयस तू हे?"

"तुम्ही ओघळ जुळवलात तेव्हापासून."

मला वाटलं, आता भडकणार. पण तो उठलाच नाही. छताकडे बघत पडून राहिला. रोज ती जे छत बघत होती, तेच.

"आणखी काय आहे?" त्याने विचारलं.

"शाफ्टचं एवढंच."

"शाफ्टचं नाही विचारत."

 मी दारातल्या दारात उभी होते, मला हलताही येईना.

"डाव्या पायाची बोटं कळत नाहीत," ती म्हणाली. "बरेच दिवस झाले."

मामाला खाटेवरून झटकन उठायचं होतं, पण ते त्याला जमलं नाही. मी हात देऊन ओढून काढला. मग मात्र त्याने इस्त्रीच्या चार घावांत शाफ्टचे दोन भाग वेगळे केले. मामी खाटेवरून सांगू लागली, अजून थोडा, जास्त झाला, मागे घ्या, हं, आता बसवा. दोन्ही पंजे आडवे झाले. मामाने छिन्नी घेऊन दोन्ही भागांवर खणखणीत खाच पाडली. मी दवाखान्याच्या पांढऱ्या कपड्यांतच जीपखाली शिरले. ते कपडे त्यानेच शिवलेले होते, पण त्याबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही.

मामीला गादीवर निजवून निघालो. मी तिच्याजवळ बसले. मोठा रस्ता आला, वेग वाढला, आणि काहीच झालं नाही. जीप नुसती जात राहिली. मामा दर खड्ड्याला विचारायचा, दुखलं का? मामी सवयीने नाही म्हणायला जायची, मग थांबून म्हणायची, हो, दुखलं. पुढच्या खड्ड्याला, थोडंसं. त्याच्या पुढच्या खड्ड्याला त्याने विचारायची तिने वाटच पाहिली नाही. तुम्ही ब्रेक उशिरा लावता, म्हणाली. या गादीचा गोट उलट्या बाजूला आलाय, तो बरगडीत टोचतो. तुमच्या भावाच्या कोटाची कॉलर पहिल्यापासून बसलेलीच नव्हती, त्याने लाजेकाजेस्तव घातला. लिफ्टवाल्यांचे खिसे अर्धा बोट खाली असतात, त्यांना हात घालायला वाकावं लागतं.  मामा गाडी चालवत म्हणत होता, हं. बरं. आणखी? त्याचा आवाज ओला होता, पण चाकं सरळ होती.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी तिला तपासायच्या टेबलावर घेतलं आणि एक बारीक सुई काढली. सुई पाहून मामाने एकदा फरशीवर नजर फिरवली. डॉक्टर एकेका बोटाला टोचत विचारत होते. करंगळी कळत नव्हती. तिच्या शेजारची दोनही कळत नव्हती. चौथं जरासं. अंगठा कळला, आणि मामीने डॉक्टरांना सांगितलं, की एवढं जोरात टोचायचं काही कारण नव्हतं. डॉक्टर म्हणाले, की अजून वेळ गेलेली नाही, पण थोडक्यात वाचलात. आता रोज यायचं. आणि मग तिच्यावर तापले. पायाची बोटं बधिर व्हायला लागली हे इतके दिवस सांगितलं का नाही? घरात माणसं नाहीत का?

मामी काहीतरी सावरून सांगायला लागली. मामाने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी विचारलं नव्हतं," तो डॉक्टरांना म्हणाला.

डॉक्टरांना ते काही समजलं नाही. त्यांनी सुई पुसली आणि मामीला दुसरा पाय पुढे घ्यायला सांगितला.